१२० स्टडचं अंतराळयान: मोठं काल्पनिक यान लेगोत कसं रचायचं

लेगोच्या जगात १०० स्टडपेक्षा लांब यानाला वेगळा मान आहे. स्टड म्हणजे ठोकळ्यावरचा गोल उंचवटा; लांबी त्यातच मोजतात. १०० स्टड म्हणजे ८० सेंटिमीटर. दर सप्टेंबरला जगभरातले हौशी लोक 'शिपटेंबर' पाळतात आणि महिनाभरात एवढं यान उभं करतात. त्यातली बरीच यानं पहिल्या फोटोत देखणी असतात, पण उचलताना मधोमध वाकतात. कारण बहुतेक वेळा एकच असतं: आधी कवच सुचतं आणि सांगाडा नंतर आत कोंबला जातो. या लेखात क्रम उलटा आहे. वजन कुठून कुठे जातं ते पहिल्यांदा ठरवायचं, मग त्यावर यान टांगायचं.

उदाहरणासाठी १२० स्टड (९६ सेंमी) लांबीचं एक मालवाहू यान घेऊ: पुढे २४ स्टडचा पायलटचा भाग, मध्ये ६४ स्टड कंटेनर, मागे ३२ स्टड इंजिनं. लढाऊ यान हवं असेल तरी कण्याचं गणित हेच राहील. पण पहिल्या मोठ्या यानाला मालवाहूच घ्या. त्याचा मधला भाग उघडाच असतो, त्यामुळे कवचाचे शेकडो तुकडे वाचतात.

मापं पाठ हवीत

दोन स्टडमधलं अंतर ८ मिमी. ठोकळ्याची उंची ९.६ मिमी, प्लेटची ३.२ मिमी, म्हणजे तीन प्लेट = एक ठोकळा. मोठ्या कामात सगळ्यात उपयोगी पडतात त्या दोन जुळण्या: ५ प्लेट = २ स्टड (१६ मिमी) आणि ५ ठोकळे = ६ स्टड (४८ मिमी). उभी आणि आडवी मापं जिथे जिथे जुळवायची, तिथे या दोहोंपैकी एकीवर यावंच लागतं. मधल्या कुठल्या मापावर बेतलं तर तुकडे बसतात खरे, पण ताणून बसतात आणि काही आठवड्यांनी एखादा सांधा आपोआप सुटतो.

प्रमाण

लेगोचा माणूस साधारण ४ सेंमी उंच, म्हणजे ढोबळ १:४४. त्या प्रमाणात ९६ सेंमीचं यान खऱ्या ४२ मीटरचंच होतं. मालवाहू म्हणून ते तोकडं दिसतं. उलट १:५०० घेतलं तर तीन मीटर उंचीचा मजला दोन प्लेटमध्ये बसवावा लागतो आणि खिडकी दाखवायला जागाच उरत नाही.

आपण १:१५० घेऊ. बंदरात दिसणारा ४० फुटी कंटेनर १२.१९ मीटर लांब, २.४४ मीटर रुंद आणि २.५९ मीटर उंच असतो. १:१५० मध्ये लांबी ८१ मिमी (१० स्टड), रुंदी १६ मिमी (२ स्टड) आणि उंची १७ मिमी. उंची १६ वर आणली तर बरोबर ५ प्लेट. तीन मीटरचा मजला दोन ठोकळ्यांत बसतो, दोन मीटरचं दार चार प्लेटमध्ये. आणि ९६ सेंमीचं यान १४४ मीटरचं होतं. प्रमाण निवडताना असं बघायचं की यानावर सगळ्यात जास्त वेळा येणारी वस्तू कोणती आणि ती पूर्ण स्टड-प्लेटमध्ये बसते का. इथे ती वस्तू कंटेनर आहे.

प्रमाण ठरलं की मजल्याची उंची, दार, जिना, खिडकी यांची मापं एका कागदावर लिहून समोर चिकटवा. कोणी दार चार प्लेटचं आणि शेजारचं सहा प्लेटचं केलं, तर बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण यान खेळण्यासारखं दिसायला लागतं.

रेखाटन

आलेखाच्या कागदावर एक घर = ४ स्टड धरून तीन आकृत्या काढा: बाजूने, वरून, समोरून. मग त्या पूर्ण काळ्या भरा आणि दोन मीटरवरून बघा. नुसत्या सावलीवरून पुढचं-मागचं कळत नसेल तर तपशील चढवून काही साधणार नाही. पुढचा भाग बारीक, मधला लांब सरळ, मागचा जड, अशी चढउतार हवी. १:१:१ असे तीन सारखे भाग केलेत की यान आगगाडीसारखं दिसतं.

नाकाचा निमुळतेपणा इथेच ठरवा, कारण तो तुमच्या हातात कमी आणि वेज प्लेटच्या, म्हणजे एक कड तिरपी असलेल्या प्लेटच्या, हातात जास्त आहे. २x३ आणि ३x६ वेजचा उतार १:३ (सुमारे १८.४ अंश), २x४ आणि ३x८ चा १:४ (सुमारे १४ अंश), ३x१२ चा १:६ (सुमारे ९.५ अंश). एका कडेला एकाच उताराच्या प्लेट वापरा. ३x६ नंतर ३x८ लावली तर कडेत कोपरा पडतो आणि तो लपत नाही. आपल्या यानाची अर्धी रुंदी ९ स्टड आहे आणि नाकाशी ३ करायची आहे, म्हणजे २४ स्टडमध्ये ६ स्टड, म्हणजे १:४. प्रत्येक बाजूला, प्रत्येक थराला तीन ३x८ वेज (उजवी ५०३०४, डावी ५०३०५; कंसातले असे आकडे म्हणजे लेगोचे तुकडा-क्रमांक), एकही जोडतोड न करता.

कणा

चार लांब दांड्या, दोन वर आणि दोन खाली, त्यांना जोडणारे उभे आणि तिरपे बीम (स्टड नसलेले, ओळीने भोकं असलेले तुकडे): ही पेटीसारखी रचना आहे. नुसत्या ठोकळ्यांची जाड भिंत का नाही? कारण तुळईचा ताठपणा तिच्या उंचीवर अवलंबून असतो. भरीव तुळईत उंची दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो. लेगोत सांध्यांचा ढिलेपणा त्यातला काही भाग खातो, तरी सामग्री मधोमध भरण्यापेक्षा वर-खाली लावण्यातच शहाणपण.

प्रत्येक दांडी टेक्निक ठोकळ्यांची, म्हणजे बाजूला भोकं असलेल्या ठोकळ्यांची: सात १x१६ (३७०३) आणि एक १x८ (३७०२), बेरीज १२०. डाव्या दांड्यांत १x८ शेवटी, उजव्यांत सुरुवातीला. त्यामुळे नाकापासून मोजलं तर डावीकडचे जोड १६, ३२, ४८... वर येतात आणि उजवीकडचे ८, २४, ४०... वर. दोन्ही बाजूंचे जोड एकाच जागी आले की कणा तिथेच मोडतो. हे मोठ्या यानांचं सगळ्यात नेहमीचं दुखणं आहे.

खालची आणि वरची दांडी यांच्यात चार ठोकळ्यांचं अंतर ठेवा. मग भोक ते भोक पाच ठोकळे होतात, म्हणजे ४८ मिमी, म्हणजे ६ स्टड. ७ भोकांचा बीम (३२५२४) उभा बसतो. दर ८ स्टडला असा एक उभा बीम दांडीच्या आतल्या बाजूने लावा आणि शेजारच्या दोन उभ्यांमध्ये बाहेरच्या बाजूने तिरपा बीम. ६ आणि ८ च्या काटकोनाचा कर्ण १०, आणि १० अंतरासाठी ११ भोकं लागतात: ३२५२५. भोकं मोजताना नेहमी अंतरापेक्षा एक जास्त धरायचं, हे विसरलं की अख्खी ऑर्डर चुकते.

उभे बीम ४, १२, २०, २८ ... ११६ या भोकांवर लावा. टेक्निक ठोकळ्याच्या टोकाला, म्हणजे जिथे दोन ठोकळे भेटतात तिथे, भोक नसतं. आपले जोड ८ च्या पटीत आहेत, म्हणून ४ पासून सुरू केलं की एकही बीम जोडावर येत नाही. सगळे तिरपे बीम एकाच दिशेला झुकवा. उलटसुलट लावले तर एका भोकावर दोन तिरपे येतात आणि एकमेकांत अडकतात. बाहेरचा तिरपा, मधला ठोकळा, आतला उभा हे तिन्ही एकाच निळ्या ३ स्टड लांबीच्या पिनने (६५५८) ओवले जातात.

वर आणि खाली ६ स्टड रुंद प्लेटचं आवरण: ठोकळा १ + उभा बीम १ + रिकामी जागा २ + बीम १ + ठोकळा १ = ६. प्लेटचे जोडही दांड्यांच्या जोडांपासून दूर हवेत. म्हणून सुरुवातीला ४x६, मग सात ६x१६, शेवटी पुन्हा ४x६. जोड ४, २०, ३६... वर येतात, दोन्ही दांड्यांच्या जोडांना चुकवून. ही आवरणं नुसती शोभेची नाहीत. बाजूचे तिरपे बीम कण्याला खाली झुकू देत नाहीत, पण पिळ पडण्यापासून वाचवतात त्या वरखालच्या प्लेट. त्या काढून कणा दोन हातांत धरून पिळून पाहिला तर फरक लगेच कळेल.

उंचीचा हिशोब: सहा ठोकळे ५७.६ मिमी, दोन प्लेट ६.४ मिमी, एकूण ६४ मिमी. रुंदी: ६ स्टड आणि बाहेरचे दोन तिरपे बीम मिळून ८ स्टड, म्हणजे तीही ६४ मिमी. कणा चौरस झाला. यापुढे कुठल्याही बाजूला आडवे स्टड लावा, माप पूर्ण स्टडमध्येच येतं.

खालच्या आवरणात स्टँडसाठी दोन खिडक्या ठेवा. २० ते ३६ आणि ८४ ते १०० या जागी ६x१६ ऐवजी दोन ६x६ प्लेट, मध्ये ४ स्टडची फट, आणि फटीच्या दोन्ही कडांना दांडीखाली १x४ प्लेट.

कण्यासाठी एकूण सामान:

- टेक्निक १x१६: २८, टेक्निक १x८: ४
- ७ भोकांचे बीम: ३०
- ११ भोकांचे बीम: २८
- ३ स्टडच्या पिना: ६० (७० घ्या)
- प्लेट ६x१६: १२, ४x६: ४, ६x६: ४, १x४: ४

सगळं एकदम मागवू नका. आधी ३२ स्टडचा तुकडा खरोखर बांधा, एका टोकाला टेबलावर घट्ट धरा आणि दुसऱ्या टोकाला पुस्तक ठेवून बघा. संगणकावर हे कळत नाही.

बरगड्या

कण्यावर आडवे टेक्निक १x१६ ठेवले की दोन्ही बाजूंना ५ स्टड बाहेर येतात. त्यावर कवच आणि कंटेनर पेलायचे आहेत. सात जागी वर आणि खाली अशा १४ बरगड्या लागतील. आपल्या यानात त्या ८, २४, ४५, ६७, ८९, १०४ आणि ११६ व्या ओळींवर येतात.

इथे एक गोची आहे. वरची बरगडी थेट वरच्या प्लेटवर आणि खालची थेट खालच्या प्लेटखाली लावली, तर दोघींच्या भोकांतलं अंतर ७३.६ मिमी येतं. ते ८ च्या पटीत नाही, त्यामुळे उभा बीम बसत नाही. मग लोक बीम सोडून देतात, खालच्या बरगड्या फक्त स्टडच्या पकडीवर लटकतात आणि कवचाचं वजन पडलं की एकेक करून गळतात. उपाय सोपा आहे: वर आणि खाली बरगडी व कणा यांच्यामध्ये एकेक जादा प्लेट. ७३.६ + ६.४ = ८० मिमी, म्हणजे १० स्टड, म्हणजे पुन्हा तोच ११ भोकांचा बीम. प्रत्येक जोडीच्या दोन्ही टोकांना एकेक, असे १४ बीम आणि २८ साध्या काळ्या पिना (२७८०).

बरगडी एकच स्टड रुंद असल्यामुळे डुगडुगते. तिच्या शेजारी कण्यावर १x६ ठोकळा ठेवा आणि दोघांच्या खाली-वर २x६ प्लेट लावा. कण्याला लागलेली २x६ हीच ती जादा प्लेट. एकूण २८ प्लेट आणि १४ ठोकळे.

कंटेनरचा भाग

खालच्या बरगड्यांच्या बाहेर आलेल्या टोकांवर, कण्याच्या दोन्ही बाजूंना, २ स्टड रुंदीची लांब पट्टी बसवा: २४ ते ८९, दोन थरांची, वरच्या थराचे जोड खालच्या थराच्या जोडांवर येणार नाहीत अशी. दोन थरांमुळे पट्टीचा माथा कण्याच्या तळापेक्षा एक प्लेट वर येतो. त्यावर १६ मिमीचे चार कंटेनर एकावर एक ठेवले की ते नेमके वरच्या बरगडीच्या तळाच्या पातळीला पोचतात.

लांबीत तीन गट: २० + २ + २० + २ + २० = ६४. दोन स्टडच्या फटींत मधल्या बरगड्या आणि त्यांचे उभे बीम जातात. टोकाच्या बरगड्यांचे उभे बीम गटाच्या बाहेरच्या अंगाला लावा, नाहीतर कंटेनर अडतील. एका बाजूला लांबीत सहा, उंचीत चार म्हणजे २४ कंटेनर, दोन्ही बाजूंना ४८.

कंटेनरचा तळ २x१० प्लेट (३८३२), भिंती पन्हाळीच्या पत्र्यासारख्या रेघा असलेल्या १x२ ठोकळ्यांच्या (२८७७), एका बाजूला पाच, दोन्ही मिळून दहा, आणि वर पुन्हा २x१० प्लेट. ४८ कंटेनरना ४८० रेघांचे ठोकळे आणि ९६ प्लेट लागतात. एवढे ठोकळे एका रंगात परवडत नाहीत, आणि खरं तर एका रंगात नकोतच. बंदरातले ढिगारे बघा: चार-पाच रंग, त्यातला एक जास्त, दोन अगदी तुरळक. सगळे रंग समसमान वाटले तर ते सजावटीसारखं दिसतं. दोन-तीन जागा रिकाम्या सोडल्या तर आतला कणा दिसतो आणि यान वापरातलं वाटतं. त्या रिकाम्या जागेत दिसणारे बीम मात्र एकाच रंगाचे हवेत, काळे किंवा गडद करडे.

पट्टीवर प्रत्येक कंटेनरसाठी दोनच स्टड उघडे ठेवा, बाकीच्यांवर टाइल, म्हणजे वर स्टड नसलेली गुळगुळीत प्लेट. वीस स्टडवर पक्का बसलेला कंटेनर काढताना पट्टीच उचकटून येते.

कवच

आडव्या दिशेने स्टड काढायचे मुख्य मार्ग दोन: बाजूला स्टड असलेला ठोकळा (८७०८७) आणि ब्रॅकेट, म्हणजे काटकोनात वळलेली प्लेट (४४७२८, उलटा ९९२०७). फरक जाडीत आहे. ब्रॅकेटची उभी पाटी अर्ध्या प्लेटची, १.६ मिमी. त्यावर प्लेट ३.२ आणि टाइल ३.२, एकूण ८ मिमी: नेमका एक स्टड. बाजूला स्टड असलेल्या ठोकळ्यावर प्लेट आणि टाइल लावली तर ६.४ मिमीच होतात आणि शेजारच्या भागाशी १.६ मिमीची पायरी पडते. मुद्दाम पायरी हवी असेल तर हेच वापरा. पण एका सपाट पृष्ठभागात दोन्ही मिसळले की तो लाटांसारखा दिसतो, विशेषतः बाजूने उजेड पडला की. उंचीत हे आधार दर ५ प्लेटनी घ्या (ठोकळा, दोन प्लेट, पुन्हा ठोकळा), म्हणजे आडवे स्टड बरोबर २ स्टडच्या अंतरावर येतात.

तिरपे पत्रे वेगळे सुटे भाग म्हणून बांधा. दोन थर प्लेट, वरच्या थराची दिशा खालच्याला काटकोनात, मग टाइल. एका थराचा पत्रा हातात धरताच वाकतो, तीन थरांचा विनाकारण जड होतो. यानाच्या पाठीवरचे पत्रे साध्या हिंजवर (बिजागरीवर) टेकवले तरी चालतात, कारण वजनच त्यांना जागी ठेवतं. पोटाखालचे पत्रे मात्र क्लिक हिंजवरच (४४३०१ व ४४३०२). साधी हिंज सुरुवातीला पकडते, पण नंतर हळूहळू झुकते. क्लिक हिंज २२.५ अंशांच्या टप्प्यांतच थांबते, म्हणून पोटाचे कोन २२.५ किंवा ४५ असेच आखा. दुसरा कुठला कोन हवाच असेल तर बरगड्यांच्या टोकाच्या भोकांतून यानाच्या लांबीत एक्सल ओवा, पत्रा त्यावर फिरू द्या आणि त्याची दुसरी कड कुठल्यातरी भक्कम ठोकळ्यावर टेकवा.

दोन पत्र्यांमधली फट शून्य करण्याचा अट्टहास सोडा. दोन्ही कडांच्या मागे गडद करड्या टाइलची पट्टी लावली की फट ही पत्र्याची शिवण वाटते. आत पिवळा-लाल ठोकळा असला तर मात्र ती भोक दिसते. म्हणून कवचालगतचा आतला थर काळा किंवा गडद करडा ठेवा, त्याच्या आत कुठलाही रंग चालतो. जुने नकोसे रंग खपवायची तीच जागा.

रंग निवडायच्या आधी त्या रंगात वेज प्लेट मिळतात का ते तपासा. पांढरा, दोन्ही करडे, काळा, गडद निळा यांत जवळपास सगळं मिळतं. दुर्मिळ रंगात कवच आखून नंतर ३x८ वेजची उजवी मिळते पण डावी मिळत नाही, अशी पाळी येते. जुन्या लॉटमधला करडाही जपून: २००४ च्या सुमारास लेगोने करड्याच्या छटा बदलल्या, जुना आणि नवा शेजारी ठेवले की फरक डोळ्यात भरतो.

बारीक तपशील

नळ्या, जाळीच्या टाइल, नळाच्या तोट्या, गोल प्लेट यांचा थर चढवायला मजा येते, आणि म्हणूनच तो जास्त होतो. मोठा भाग गुळगुळीत ठेवा. तपशील एकवटा तो इंजिनाभोवती, दोन पत्र्यांमधल्या खाचेत, कण्याच्या उघड्या भागावर. प्रत्येक गुंत्याला काम द्या: ही नळी या टाकीतून निघते आणि त्या इंजिनात जाते. नळी कुठूनच येत नसेल तर ती काढा. माप इथेही लागू आहे: १:१५० मध्ये लेगोच्या माणसाच्या हातातली पक्कड म्हणजे भलंमोठं यंत्र.

इंजिनांना मोठ्या डिश (६x६ चार, ८x८ दोन) पुरतात. वजन मागे साठणार, त्यामुळे इंजिनाचा भाग आतून पोकळ ठेवा. त्याचा आधार कण्याच्या मागच्या टोकाच्या प्लेटवर नको, १०४ आणि ११६ च्या बरगड्यांवर हवा.

दिवे हवे असतील तर कण्यातली २ स्टडची पोकळी वायरसाठी सोडलेलीच आहे. त्यातून यूएसबीचं टोकही जातं. ३ मिमीचा एलईडी लेगोच्या ३.२ मिमीच्या भोकात बसतो. वायर आधी ओवा, वरचं आवरण नंतर लावा.

संगणकावरचं काम

ब्रिकलिंक या लेगो-तुकड्यांच्या ऑनलाइन बाजाराचं स्टुडिओ हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि या कामाला पुरेसं आहे. कणा, बरगड्या, नाक, प्रत्येक कवचाचा पत्रा, एक कंटेनर, एक इंजिन, प्रत्येकाचं स्वतंत्र सबमॉडेल करा. एक कंटेनर सुधारला की ४८ सुधारतात. तुकडे एकमेकांत घुसले तर ते दाखवतं, सुटे राहिलेले भाग दाखवतं. पण वजनाने काय वाकेल ते दाखवत नाही. तिथे हवेत तरंगणारं यान टेबलावर कोसळू शकतं, म्हणून ३२ स्टडची ती चाचणी वगळू नका.

आतून एलडीरॉ या लेगो-आरेखन पद्धतीची मापं चालतात: एक स्टड २० एकक, ठोकळा २४, प्लेट ८. एखादा तुकडा जवळपास बसतोय पण नक्की नाही असं वाटलं की आकडे वाचा. एक-दोन एककांचा फरक म्हणजे ०.४ ते ०.८ मिमी. एवढ्याला प्लास्टिक दबून बसतं, पण ते दबलेलंच राहतं.

यादी काढून ब्रिकलिंकवर टाकताना विक्रेते कमीत कमी ठेवा. भारतात मागवत असाल तर तुकड्याच्या किमतीपेक्षा टपाल आणि आयात शुल्क जड जातं, म्हणून एका विक्रेत्याकडे ८० टक्के यादी मिळत असेल तर तोच घ्या, भले एखादी प्लेट महाग पडो. दिसणार नाहीत असे तुकडे 'कुठलाही रंग' म्हणून नोंदवा. पिना, १x२ प्लेट, चीज स्लोप हे छोटे उतरते तुकडे (५४२००) दहा टक्के जास्त मागवा. वापरलेले लालसर तपकिरी तुकडे ताणाच्या जागी वापरू नका, जुन्या काळातले ते ठिसूळ निघतात.

बांधणी आणि स्टँड

बांधताना कणा पूर्ण झाल्यावर वरून दोरा ताणून धरा. मधोमध दोऱ्याखाली फट दिसली तर कणा खाली वाकलाय, टोकांना दिसली तर वर. बऱ्याचदा कारण साधं असतं, एका बाजूच्या प्लेट पूर्ण दाबलेल्या नसतात. कवच चढल्यावर हे सुधारता येत नाही.

सारख्या जाडीच्या तुळईला दोन आधार टोकांपासून साधारण एक पंचमांशाच्या थोडं आत दिले की ती सगळ्यात कमी वाकते. आपल्याकडे उभे बीम २८ आणि ९२ वर आहेतच, तेच आधार. दोन जाड बीम शेजारी ठेवून केलेला खांब खालच्या खिडकीतून कण्याच्या २ स्टडच्या पोकळीत शिरतो, आणि उभ्या बीमच्या मधल्या भोकांतून ८ स्टडचा टोपीचा एक्सल (५५०१३) आरपार जातो. प्रत्येक खांबाला दोन एक्सल, वेगवेगळ्या उंचीवर. एकच घातला तर यान पुढेमागे झुलतं. एक्सल ओढला की यान खांबांवरून सुटतं, बाकी काहीच काढावं लागत नाही. दोन्ही खांब खाली एकाच पायावर जोडा, वेगळे ठेवले तर ते फाकतात आणि सगळा ताण कण्यावर येतो.

स्टँड लावायच्या आधी पूर्ण यान एका पेन्सिलीवर तोलून गुरुत्वमध्य बघा. तो २८ आणि ९२ च्या मध्ये यायलाच हवा, आणि शक्यतो ८० पेक्षा नाकाच्या बाजूला. इंजिनांमुळे तो ९० च्या जवळ सरकला असेल तर नाकात वजन भरू नका, इंजिनं हलकी करा.

१२० स्टडपर्यंत कणा अखंड ठेवलेला बरा. ९६ सेंमी गाडीच्या मागच्या सीटवर आडवं मावतं. प्रवासाला कंटेनर, पत्रे, इंजिनं काढून वेगळ्या खोक्यांत, कणा स्वतंत्र. उचलताना नेहमी २८ आणि ९२ खालीच हात. नाक आणि इंजिन धरून उचलणाऱ्या पाहुण्याला आधीच सांगून ठेवलेलं बरं.

उन्हाच्या खिडकीपासून दूर ठेवा, पांढरे तुकडे आधी पिवळे पडतात. धूळ मऊ मेकअप ब्रशने. सुटे पत्रे धुवायचे असतील तर ४० अंश सेल्सिअसपेक्षा गरम पाणी नको, आणि हिंजमधलं पाणी पूर्ण सुकल्यावरच ते परत बसवा.